निळा शब्द

बेबी त्र्याहत्तर वर्षांची झाली, केस पिंजलेल्या कापसासारखे झाले, गुडघे स्वतःच बोलायला लागले, तरी ती बेबीच राहिली. घरातल्या सगळ्यांत धाकट्या पोरीला एकदा हे नाव चिकटलं की कशानेही निघत नाही. रोज सकाळी दहा वाजता ती पुतण्याच्या पाट्यांच्या दुकानात येऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायची. पाट्या आता यंत्र कापतं. बेबीचं काम एवढंच, की अक्षरं कापायच्या आधी मजकूर वाचून बघायचा.

"इंग्रजीचं आत्याला विचारा," पुतण्या गिऱ्हाइकांना सांगायचा.

हे वाक्य त्याने आपल्या आजोबांकडून उचललं होतं. छप्पन्न वर्षांपूर्वी याच दुकानात बेबीचे वडील, सगळ्यांचे नाना, गिऱ्हाइकापुढे छाती फुगवून म्हणायचे, "इंग्रजीचं आमच्या बेबीला विचारा." तेव्हा ते ऐकून बेबीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आता ऐकलं की ती चष्मा पुसायला घ्यायची.

त्या दिवशी एक बाई दुकानात आली. साठीची असावी. केस बारीक कापलेले, चष्म्याला दोरी, आणि बोलण्यात शिक्षिकेचा ठामपणा.

"एक पाटी हवी होती. पण हाताने रंगवलेली."

"बाई, हाताने आता कोण रंगवतं?" पुतण्या म्हणाला. "यंत्रावर हुबेहूब हातासारखी करून देतो. ब्रशचा फराटासुद्धा दिसेल."

"खोटा फराटा?"

"खऱ्याहून खरा."

बाई हसली. "माझे वडील इथेच रंगवायचे. तुमचा जन्मही नसेल झाला तेव्हा. मामा म्हणायचे त्यांना सगळे. मागच्या वर्षी गेले. घराच्या दारावर लावायचीय त्यांच्या नावाची पाटी."

बेबीने हातातला कागद हळूच खाली ठेवला. मामा गेले हे तिला माहीत नव्हतं. माहीत करून घेतलं नव्हतं, असं म्हणणं जास्त खरं.

"अगंबाई, तुम्ही बेबीताई ना?" बाई तिच्याकडे वळली. "बाबा सांगायचे तुमच्याबद्दल. एवढ्याशा वयात काय इंग्रजी होतं पोरीचं, म्हणायचे."

"असं म्हणायचे?"

"नेहमी. तुमचा दाखला देऊन देऊन त्यांनी मला इंग्रजी शिकवलं. घरात एकाला तरी ती भाषा यायला हवी, हा ध्यासच घेतला होता. मग मी तीस वर्षं शाळेत तेच शिकवलं." तिने पर्स टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून घेतली. "आई बाहेर गाडीत बसलीय. तिला तुमच्या पायऱ्या चढवत नाहीत. पाटी तिच्याच मनातली आहे. निळी जमीन, वर पांढऱ्या अक्षरांत बाबांचं नाव. आमच्या घरातली जुनी गंमत आहे ती."

"निळी?" बेबीने विचारलं.

"त्या पाटीची गोष्ट तुम्हाला आठवत असेलच की."

न आठवून कसं चालेल? माणूस आईचा आवाज विसरेल, पण आपल्या लाजेची तारीख-वार विसरत नाही.

ते दिवस हाताच्या ब्रशचे होते. दुकानात शिरलं की टर्पेंटाइनचा वास नाकात बसायचा आणि घरी गेलं तरी कपड्यांतून यायचा. नाना गिऱ्हाईक सांभाळायचे, मामा रंगवायचे. मामा कुणाचे मामा नव्हते. सडसडीत, चाळिशीच्या आतले, कानावर कायम एक ब्रश खोचलेला. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण हात असा, की खडूचा दोरा ताणून एक टिचकी मारायचे आणि त्या रेघेवर अक्षरं लष्कराच्या पोरांसारखी उभी करायचे. कागदावर असेल ते पाटीवर. कागदाबाहेर एक टिंबसुद्धा नाही.

कागद बेबी लिहायची. गिऱ्हाईक आपल्या भाषेत सांगायचं, बेबी चौकटीच्या कागदावर इंग्रजीत उतरवायची. काम संपलं की तो कागद भिंतीवरच्या खिळ्याला टोचून ठेवायचा, ही दुकानाची पद्धत. उद्या कोणी भांडायला आलं तर नाना खिळ्याकडे बोट दाखवायचे.

आणि त्या खिळ्याच्या वर नानांनी रंगवलेली एक फळी होती. ती अजून आहे, तिथेच. तीन पट्टे. लाल पट्ट्यावर डेंजर, पिवळ्यावर कॉशन, निळ्यावर नोटीस. प्रत्येकाखाली नानांनी मामांसाठी आपल्या भाषेत लिहून ठेवलं होतं. लाल, जीव जाईल. पिवळा, लागेल. निळा, माहिती असावी. शब्द ठरला की रंग ठरला. या तीन शब्दांचे पत्र्यात कापलेले मोठे खाके तीन खुंट्यांवर टांगलेले असायचे. मामा कागदावरच्या शब्दाचा आकार बघून त्या आकाराचा खाका उतरवायचे. मामांच्या लेखी ते शब्द नव्हतेच. लाल शब्द, पिवळा शब्द, निळा शब्द.

सतराव्या वर्षी बेबीला इंग्रजीच्या एक बाई भेटल्या होत्या. त्या फळ्यावर एक वर्तुळ काढायच्या आणि त्यात शब्द भरायच्या. साइन, सिग्नल, सिम्प्टम, ओमेन, टोकन, मार्क, नोटीस, वॉर्निंग. मग म्हणायच्या, "आपल्याकडेही बघा. लक्षण दिसतं, खूण ठेवतात, इशारा देतात, सूचना लावतात, शकुन घडतो. एकाची क्रिया दुसऱ्याला देऊन बघा, वाक्य लंगडेल." बेबीने एकदा नोटीस आणि वॉर्निंग यांतला फरक उभं राहून असा समजावला होता, की बाईंनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. घरी येऊन तिने ते नानांना सांगितलं, नानांनी मामांना सांगितलं, मामांनी ब्रश वर करून सलाम ठोकला.

त्याच आठवड्यात धुलाई कारखान्याचा कारकून आला. कपडे उकळायचं कढत पाणी जमिनीतल्या टाकीत साठवायचे. टाकीवर लाकडी फळ्यांचं झाकण होतं आणि त्यातल्या दोन फळ्या कुजल्या होत्या. "नव्या यायला महिना लागेल. तोवर पाटी पाहिजे, पोरी. कुणाचा पाय पडला तर शिजून निघेल. भारी धोका आहे." हेच शब्द होते त्याचे. पुढे कित्येक वर्षं बेबीने स्वतःला समजवायचा प्रयत्न केला, की तो असं स्पष्ट बोललाच नव्हता. पण तो बोलला होता. घाम पुसत बोलला होता.

डेंजर हा शब्द तिला फार उघडा वाटला. तो कुणालाही येतो. विजेच्या खांबावर असतो. त्याच्याखाली दोन शब्दांपलीकडे काही शोभत नाही. आणि बेबीच्या डोक्यात एक लांब, नम्र, इस्त्री केलेलं वाक्य तयार झालं होतं. सर्वांना विनंती करण्यात येते की कृपया या फळ्यांवर पाऊल ठेवण्याचे टाळावे, अशा थाटाचं. त्याच्या डोक्यावर नोटीसच शोभणार होतं. तिने ते सुबक अक्षरात लिहिलं आणि कागद मामांकडे दिला.

मामांनी कागद पाहिला, खुंट्यांकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिला.

"बेबी, हा निळा शब्द आहे."

"हो."

"तो माणूस तर घाबरलेला होता गं. लाल नको का?"

बेबी हसली. नुसती हसली असती तरी चाललं असतं. ती म्हणाली, "मामा, तुम्हाला इंग्रजी कळतं का?"

 मामांनी निळ्या रंगाचा डबा उघडला, काठीने ढवळला आणि पाटीची जमीन भरायला घेतली.

कारखान्यातल्या निम्म्या माणसांना वाचता येत नव्हतं. इंग्रजी तर साहेबांनाच. पण रंग सगळ्यांना वाचता येतो. निळी पाटी म्हणजे इथे थुंकू नये, निळी पाटी म्हणजे कचेरीची वेळ. बाराव्या दिवशी चादरींच्या घड्या घालणारी एक बाई डोक्यावर टोपली घेऊन त्या निळ्या पाटीजवळून गेली आणि तिचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

कारकून दुपारी दुकानात आला. नाना बाहेर गेले होते. तो बाकावर बसला आणि मामांना आणि बेबीला सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. "मी धोका म्हणालो होतो," एवढंच पुनःपुन्हा म्हणत राहिला. बेबी त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेली. जाताना खिळ्यावरून सगळ्यांत वरचे चार कागद तिने उचलले, त्यातला तिसरा काढून घेतला आणि उरलेले परत टोचले. आत शेगडी पेटलेली होती. कागद जळायला किती वेळ लागतो? पेला भरेपर्यंत झालं.

नाना आले. खिळा पाहिला. कागद नाही.

"बेबी, तू काय शब्द लिहून दिला होतास?"

"डेंजर," बेबी म्हणाली.

मामा तिच्याकडे बघत होते. फार वेळ नाही, ब्रश फडक्याने पुसायला लागतो तेवढाच वेळ. मग म्हणाले, "माझ्या हातून खाका चुकला असेल, नाना. खुंट्या शेजारी शेजारी आहेत."

"अडाणी माणसाच्या हातात शब्द दिले ही माझी चूक," नाना त्या कारकुनासमोर म्हणाले. असे शब्द नाना कधी कुणाला बोलले नव्हते.

मामांना त्यानंतर अक्षरं मिळाली नाहीत. नुसत्या जमिनी भरायला दिल्या. तीन आठवडे त्यांनी त्या भरल्या, मग यायचे थांबले. पुढे घरांच्या भिंती रंगवतात असं कानावर आलं. बेबीने चौकशी केली नाही. त्या पाय भाजलेल्या बाईचीही कधी केली नाही. लाज काही एकटी राहत नाही, मागून आपल्या बहिणींना बोलावून घेते. नाना मात्र त्या दिवसापासून प्रत्येक कागदाखाली लिहिणाऱ्याची सही घ्यायला लागले. बेबीने आजवर हजारो कागदांवर सही केली असेल. जळलेल्या त्या कागदावर मात्र नव्हती.

"आई बाबांना निळ्या म्हणायची," मामांची लेक सांगत होती. "काही चुकलं की निळ्या. बाबा हसून म्हणायचे, रंग काही वाईट नाही. आणि मी तर कमालच केली, बेबीताई. वर्गात नोटीस, कॉशन, डेंजर शिकवताना बाबांचाच दाखला द्यायचे. माझ्या वडिलांनी डेंजरच्या जागी नोटीस रंगवलं, मग बघा काय झालं. मुलं हसायची, पण फरक मात्र जन्मात विसरली नसतील." तिने चष्म्याची दोरी सारखी केली. "बाबांना मी हे घरी येऊन सांगायचेसुद्धा."

"काय म्हणायचे?"

"म्हणायचे, बरोबर शिकवतेस."

बेबीने समोरचा कोरा कागद ओढला. निळी जमीन, पांढरी अक्षरं, एवढं लिहून सही ठोकली की झालं. पुतण्या यंत्रावर लावेल, दोन दिवसांत पाटी मामांच्या दारावर चढेल, आणि बेबीचं खोटं मामांच्या नावाखाली पक्कं होईल. आता विचारणारं कोणी उरलं नव्हतं. नाना गेले, कारकून गेला असेल, मामा गेले. कागद तर छप्पन्न वर्षांपूर्वीच गेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण चांदणं बघायलाच कोणी नसेल तर चोराने भ्यायचं कशाला?

तिने 'निळी' हा शब्द लिहिला. पुढे हात चालेना.

"ती पाटी मामांनी चुकवली नव्हती," ती म्हणाली. "कागदावर मीच नोटीस लिहिलं होतं."

लेकीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, नुसतं आतून विझलं.

"कारकून आला तेव्हा मी कागद शेगडीत टाकला. नानांनी विचारल्यावर मी डेंजर म्हणाले."

पुतण्याने यंत्राचं बटण बंद केलं. घरघर थांबल्यावर दुकान फार मोठं वाटायला लागलं.

"बाबांना माहीत होतं?"

"हो. त्यांनी मला आधी विचारलंही होतं, लाल नको का म्हणून. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला इंग्रजी कळतं का."

लेक उठली. खुर्ची होती तशी आत सरकवली, शाळेत सरकवतात तशी. पर्स उचलली. बेबीला वाटलं, आता ती जाईल आणि हे इथेच संपेल. आणि असं वाटल्यावर बरं वाटलं, याचीही तिला लाज वाटली.

"हे आईला सांगा," लेक म्हणाली. "मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

दुकानाला पाच पायऱ्या आहेत. कठड्याला धरून बेबी उतरली, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. गाडीची काच खाली होती. आत सुरकुतलेली, लहानशी मामी बसली होती, मांडीवर हातरुमालाची घडी.

"बेबी ना गं तू? केवढी म्हातारी झालीस." मामीने डोळे बारीक केले. "मी कुठली तरणी म्हणा. झालं का पाटीचं?"

बेबीने काचेच्या कडेला हात टेकवला आणि सांगायला सुरुवात केली. पण वाक्य तोंडातून बाहेर पडताना पुन्हा इस्त्री होऊनच पडलं. "मामी, त्या वेळी कागदात एक चूक झाली होती."

"कसली चूक?"

"शब्दाची. म्हणजे, लाल शब्द हवा होता, आणि..."

"आणि यांनी निळा घातला. माहितीय मला. पन्नास वर्षं तेच ऐकतेय, आणि ऐकवतेय."

"त्यांनी नाही. मी घातला. त्यांनी मला आधी विचारलंही होतं. मी ऐकलं नाही, आणि कागद जाळून मामांवर ढकललं."

 मामीने हातरुमालाची घडी उलगडली, पुन्हा घातली. रस्त्यावरून सायकलवाला घंटी वाजवत गेला, समोरच्या दुकानदाराने फळीवर पाणी मारलं. मामी घडीकडेच बघत होती.

"दर महिन्याला जायचे तिला बघायला," ती अखेर म्हणाली. "ती पाय भाजलेली. काहीबाही घेऊन जायचे. मी भांडायचे, की चूक झाली, झाली. जन्मभर काय तिचे पाय चेपणार आहात का. तरी जायचे."

"तिचा पाय..." बेबीने छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा विचारलं. "बरा झाला?"

"बरा म्हणजे, चालायची. डावीकडे लचकायची." मामीने मान वर केली. डोळे कोरडे होते. "मी त्यांना निळ्या म्हणायचे, बेबी. लाडात म्हणायचे, रागातही म्हणायचे. शेवटी हॉस्पिटलात औषध सांडलं त्यांच्या हातून, तेव्हाही मी म्हणाले. तुला आज सुचलं होय सांगायचं? आता मी कुणाला जाऊन सांगू, की माझं चुकलं?"

 बाईंच्या त्या वर्तुळातल्या सगळ्या शब्दांत याला पुरेल असा एकही शब्द नव्हता.

"पाणी आणू का मामी?"

"नको तुझं पाणी."

लेक पायऱ्यांपाशी उभी होती. ती गाडीच्या दुसऱ्या बाजूने आत बसली आणि आईच्या हातावर हात ठेवला. मामीने तो झटकला नाही, धरलाही नाही.

"काय विचारलं होतं म्हणालीस त्यांनी तुला तेव्हा?" मामीने विचारलं.

"लाल नको का, असं."

"मग लाल कर."

"लाल?"

"नाव तेच. जमीन लाल. पोस्टमन घाबरला तर घाबरू दे."

बेबी पाच पायऱ्या चढून वर आली. टेबलाशी बसून तिने आधीचा 'निळी' लिहिलेला कागद बाजूला सारला आणि नवा घेतला. मामांचं नाव लिहिलं. जमीन लाल, अक्षरं पांढरी. खाली थोडी जागा सोडून आपली सही केली, पूर्ण नावानिशी. तशी ती क्वचितच करायची. कागद पुतण्यापुढे धरला.

पुतण्याने वाचला. भिंतीवरच्या फळीकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे.

"आत्या, राहत्या घराच्या दाराला लाल जमीन? धोक्याची पाटी वाटेल. निळी बरी नाही का दिसणार?"

बेबीच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. सवयीने येतंच ते.

"मला नको विचारूस," ती म्हणाली. "गाडी अजून खाली उभी आहे. जा, त्यांना विचारून ये."